घरगुती पदार्थांचा ऑनलाइन बाजार : वापरायला सोपा कसा करायचा?



दिवाळी जवळ आली की घरोघरी फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात. कुणी चकली-चिवडा करून देतं, कुणी भाजणी आणि मेतकूट, कुणी उन्हाळ्यात पापड-कुरडया. पूर्वी हा सगळा व्यवहार ओळखीवर चालायचा. "जोशीकाकूंकडे सांगून ठेव, दोन किलो चकली हवी," एवढं म्हटलं की काम व्हायचं. आता तोच व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर आलाय. आणि तिथे बऱ्याचदा असं होतं की पदार्थ उत्तम, भाव रास्त, करणारी बाई विश्वासाची, तरीही गिऱ्हाईक ऑर्डर अर्ध्यात सोडून जातं. त्याला हवं ते पडद्यावर सापडत नाही, किंवा सापडतं पण विश्वास बसत नाही.

आजच्या पाठात आपण हेच समजून घेऊ. घरगुती पदार्थ विकणारी वेबसाइट किंवा ॲप वापरायला सोपं करायचं, म्हणजे नेमकं काय बदलायचं? हा विषय मुलांच्या प्रकल्पासाठी छान आहे. गणित, भाषा, संगणक, गृहविज्ञान, नागरिकशास्त्र असं सगळं यात येतं. शिवाय आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या आयांचं घर याच कामावर चालतं, त्यामुळे मुलांना तो परका वाटत नाही.

"वापरायला सोपं" म्हणजे काय?

वापरसुलभता हा शब्द आपण ढोबळपणे वापरतो. पण त्याची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आयएसओ ९२४१-११ या मानकात. ते १९९८ साली आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. त्यात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत:

१. काम पूर्ण झालं का?
२. ते करायला किती वेळ आणि श्रम लागले?
३. करणाऱ्याला समाधान वाटलं का?

याच व्याख्येत आणखी एक महत्त्वाची अट आहे. कोण वापरणार, कशासाठी वापरणार आणि कुठल्या परिस्थितीत वापरणार, हे ठरवल्याशिवाय वापरसुलभता मोजताच येत नाही. म्हणजे "ही वेबसाइट सोपी आहे" हे वाक्य अपुरं आहे. कुणाला सोपी? पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला, तिच्या सत्तरीतल्या आजोबांना, की कणकेचे हात पुसत फोन उचलणाऱ्या काकूंना?

शर्टाच्या दुकानाचा साचा मोदकाला चालत नाही

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातल्या तीस महिला मिळून एक वेबसाइट चालवतात. ती बनवताना त्यांनी बाजारात मिळणारा तयार साचा घेतला. हा साचा मुळात कपडे, चपला, मोबाइल विकण्यासाठी केलेला असतो. फोटो, किंमत, "स्टॉकमध्ये आहे" आणि "कार्टमध्ये टाका" एवढं त्यात असतं.

शर्ट गोदामात पडून असतो. आज घेतला काय, आठ दिवसांनी घेतला काय, त्याला काही होत नाही. उकडीचे मोदक मात्र ऑर्डर देताना अस्तित्वातच नसतात. ते त्या दिवशी सकाळी व्हायचे असतात आणि त्याच दिवशी खायचे असतात. म्हणजे मोदक मागवताना आपण काकूंच्या त्या सकाळचे दोन-तीन तास राखून ठेवत असतो. "स्टॉक" हा शब्दच इथे गैरलागू आहे. इथे हवेत दिवस, वेळ आणि हातांची क्षमता.

फेररचनेचं सगळं काम या एका मुद्द्यावर उभं आहे. रंग बदलणं, चित्रं मोठी करणं या नंतरच्या गोष्टी.

आणि यात पैशांचा प्रश्न आहे. ऑर्डर आली की काकू आदल्या दिवशी तांदळाची पिठी, नारळ, गूळ, तूप आणतात. गिऱ्हाइकानं सकाळी ऑर्डर रद्द केली, तर शर्ट परत फडताळात जातो. मोदक कुठे जाणार? तो तोटा कुणाच्या अंगावर पडतो, हे पडद्याच्या रचनेतच ठरतं.

पडद्याआधीची दोन उदाहरणं

घरी काम आणि बाहेर विक्री ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जत पापड. तिथली रीत अशी की, पीठ केंद्रावर मळलं जातं, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि तयार पापड परत आणून देऊन मजुरी घेतात. हिशेब आणि दर्जाची तपासणी केंद्रावर. म्हणजे घरात बसून जमेल तेवढंच काम बाईवर टाकायचं, बाकीचं व्यवस्थेनं उचलायचं.

दुसरं उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचं. त्यांचं काम १८९० पासून चालू आहे. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे यांच्या खुणा असतात. डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा, हे त्यातून कळतं. पूर्ण पत्ता लिहिलेला नसतो, कारण लोकल सुटायच्या आत पत्ता वाचत बसायला वेळ नसतो. काम करणाऱ्याच्या परिस्थितीला धरून केलेली ही रचना आहे. मुलांना वापरसुलभता समजवायची असेल, तर याहून जवळचं उदाहरण सापडणं कठीण.

आधी पाहायचं, मग बदलायचं

वेबसाइट बदलायची म्हटली की लगेच "हा रंग चांगला दिसेल, तो फोटो वर घेऊ" अशी चर्चा सुरू होते. तसं करू नका. आधी माणसं ती कशी वापरतात ते पाहा.

पद्धत साधी आहे. एका व्यक्तीला फोन हातात द्या आणि एक काम सांगा. काम सांगताना बटणाचं नाव घ्यायचं नाही. "पुरणपोळीवर क्लिक करा" असं म्हटलं तर उत्तरच फोडल्यासारखं होतं. त्याऐवजी असं सांगा : "शनिवारी दुपारी आठ पाहुणे जेवायला येणार आहेत. त्यांच्यासाठी पुरणपोळ्या मागवा." मग गप्प बसायचं. मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायला सांगायचं. कुठे अडखळले, कुठे मागे गेले, कुठे "हे काय आता?" म्हणाले, ते लिहून घ्यायचं. मदत करायची नाही, हे आपल्या शिक्षकांना सगळ्यांत अवघड जातं!

किती जणांना बसवायचं? जेकब नीलसन आणि टॉमस लँडॉर यांनी १९९३ मध्ये यावर गणित मांडलं. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांमध्ये एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. म्हणजे एकीकडून ६९ टक्के सुटतात. मग पाच जणींनंतर किती सुटतील?

०.६९ × ०.६९ × ०.६९ × ०.६९ × ०.६९ = सुमारे ०.१६

म्हणजे साधारण ८४ टक्के अडचणी पाच जणींत सापडतात. घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. फक्त मुलांना दोन गोष्टी सांगा. ३१ टक्के हा सरासरी आकडा आहे, प्रत्येक वेबसाइटला तो लागू होईलच असं नाही. आणि वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटाची चाचणी वेगळी घ्यावी लागते. आपल्या उदाहरणात दोन गट आहेत, मागवणारे आणि करून देणाऱ्या. दुसऱ्या गटाला लोक हमखास विसरतात.

फेररचना : पाच बदल

१. पहिला प्रश्न : कधी आणि कुठे हवं?
पहिल्याच पडद्यावर दिवस आणि पिनकोड विचारावा. मग त्या दिवशी, त्या भागात जे मिळू शकतं तेवढंच दाखवावं. नाहीतर गिऱ्हाईक दहा मिनिटं निवड करतं, पत्ता भरतं आणि शेवटी "या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही" असं दिसतं. चिडून गेलेलं गिऱ्हाईक परत येणं अवघड. आणि नुसतं पाहण्यासाठी आधी खातं उघडायला लावू नये. दुकानात शिरताना कुणी आपलं नाव-गाव विचारत नाही.

२. लोक जे म्हणतात तेच नाव
बाकरवडी की भाकरवडी? शंकरपाळी की शंकरपाळे? काही भागांत करंजीला कानोला म्हणतात. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं तर प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. शोधण्याच्या चौकटीला ही सगळी रूपं ओळखता यायला हवीत. यासाठी फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक पदार्थापुढे त्याच्या पर्यायी नावांची यादी ठेवली तरी पुरते. ही यादी मुलं घरी आजीला विचारून करू शकतात.

वर्गवारीही तशीच. "स्नॅक्स", "स्वीट्स", "कॉन्डिमेंट्स" असे कप्पे केले तर मेतकूट कुठे शोधायचं? त्यापेक्षा "उपवासाचं", "फराळाचं", "वाळवण", "मसाले आणि पिठं", "रोजचा डबा" हे कप्पे आपल्या डोक्यात आधीपासूनच असतात. कप्पे ठरवायला पदार्थांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि पाच-सहा जणांना त्या जमतील तशा गटांत लावायला सांगा.

३. पदार्थाची पूर्ण ओळख
काकूंच्या घरी गेलो तर आपण काय विचारतो? कशात तळलंय, कधी केलंय, किती दिवस टिकेल, तिखट किती, अर्ध्या किलोत किती येतात? ही उत्तरं फोटोखाली थोडक्यात हवीत. करंजी ओल्या नारळाची आहे की सुक्या खोबऱ्याची, यावर ती किती दिवस ठेवता येईल ते ठरतं, म्हणून ते लिहायलाच हवं. शेंगदाणे, दूध, गहू, सुकामेवा वापरला असेल तर तेही स्पष्ट हवं, कारण कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते.

मापही पदार्थाप्रमाणे बदलतं. चिवडा वजनावर, पुरणपोळी नगावर, मोदक अकरा किंवा एकवीस. सगळ्यांना "१ युनिट" म्हटलं की घोटाळा होतो. फोटोत पदार्थाशेजारी वाटी किंवा तळहात असला की आकार लगेच कळतो.

सोबत परवान्याची माहिती हवी. आपल्या देशात घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयकडे नोंदणी लागते आणि तिथून १४ अंकी क्रमांक मिळतो. तो आणि करणारीचं नाव एकत्र दिसलं की अनोळखी माणसाचाही विश्वास बसायला मदत होते.

४. क्षमता, मुदत आणि खरा भाव
समजा, काकू एका सकाळी १२० मोदक करू शकतात. एकवीसच्या पाच ऑर्डरी आल्या, म्हणजे १०५ झाले. उरले १५. आता सहाव्या गिऱ्हाइकाला एकवीसचा पर्याय दिसताच कामा नये. "११ मिळतील" असं दिसावं. हे वजाबाकीचं काम वेबसाइटनं करायचं, काकूंनी रात्री अकरा वाजता फोन करून माफी मागायची नाही.

ऑर्डरची आणि रद्द करण्याची मुदत पैसे भरण्याआधी दिसायला हवी, तीही साध्या भाषेत : "गुरुवारी रात्री ८ पर्यंत रद्द केल्यास सगळे पैसे परत. त्यानंतर साहित्य आणलेलं असतं, म्हणून आगाऊ रक्कम परत मिळणार नाही." यात गिऱ्हाइकाची फसवणूक नाही आणि काकूंचं नुकसानही नाही.

इथे नागरिकशास्त्राचा मुद्दा येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत अशा १३ प्रकारांची यादी दिली. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं हे त्यातले काही. "फक्त १५ शिल्लक" हे वाक्य काकूंच्या बाबतीत खरं असेल तर ती उपयोगी माहिती आहे. विक्री वाढवण्यासाठी खोटं लिहिलं तर ती फसवणूक. पोहोचवण्याचा खर्चही याच कारणानं सुरुवातीलाच दाखवावा.

५. करून देणारीचा पडदा
तीस महिलांपैकी बऱ्याच जणी स्वयंपाक करता करताच फोन पाहणार. त्यांना आकडेवारीचे आलेख नकोत. त्यांना हवं : "उद्या सकाळी ११ पर्यंत : मोदक १०५, पुरणपोळ्या ४०." प्रत्येक गिऱ्हाइकाची ऑर्डर वेगळी उघडून बेरीज करायला लावू नये. नवीन ऑर्डर आली की फोननं ती मराठीत बोलून दाखवावी. भाजीवाल्याकडच्या स्पीकरमधून "वीस रुपये प्राप्त झाले" असं ऐकू येतं, तसंच. हात पिठात असले तरी कान मोकळे असतात. "घेते" आणि "जमणार नाही" ही दोन मोठी बटणं. आणि "या दिवशी सुट्टी" असं एक बटण, कारण घरात आजारपण असतं, लग्नकार्य असतं, मुलांच्या परीक्षा असतात.

रंगाच्या भरवशावर राहू नका

पाकिटावरची शाकाहारी-मांसाहारी खूण मुलांना माहीत असते. पूर्वी दोन्ही खुणा गोल होत्या, एक हिरवी आणि एक तपकिरी. ज्यांना लाल-हिरव्या छटांतला फरक ओळखता येत नाही, त्यांना दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसणार. २०२० च्या लेबलच्या नियमांत मांसाहाराची खूण चौकोनातला तपकिरी त्रिकोण अशी झाली. शाकाहाराचा हिरवा गोल तसाच राहिला. आता रंग कळला नाही तरी आकार कळतो. एवढ्याशा बदलानं कितीतरी जणांची अडचण दूर होते. वेबसाइटवरही "उपलब्ध" हिरव्यात आणि "संपलं" लाल रंगात एवढंच करू नका, शब्दही लिहा.

अक्षरांचंही तसंच. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर छान वाटतात, पण उन्हात उभं राहून वाचता येत नाहीत. वेबच्या सुगमतेची जी मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरतात, त्यांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक असावा, असं सांगितलं आहे. देवनागरीत मात्रा-वेलांट्या असतात, म्हणून ओळींमध्ये थोडी जास्त जागा सोडली की वाचायला बरं पडतं.

सुधारलं की नाही, कसं कळणार?

पुन्हा सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे या. बदलाआधी आणि बदलानंतर तेच काम द्या. पाचपैकी किती जणींनी ऑर्डर पूर्ण केली? किती मिनिटं लागली, किती वेळा मागे जावं लागलं? शेवटी कसं वाटलं? आणि दुसऱ्या बाजूला मोजा : रद्द झालेल्या ऑर्डरी किती, त्यातल्या साहित्य आणल्यानंतर किती, "कुठपर्यंत आलं?" असं विचारणारे फोन किती? गिऱ्हाइकाची सोय वाढली पण काकूंची दगदगही वाढली, तर ती फेररचना निम्मीच झाली असं समजा.

एक गोष्ट मुलांशी मोकळेपणानं बोलायला हवी. चांगल्या रचनेनं सगळेच प्रश्न सुटत नाहीत. वेबसाइट दर ऑर्डरमागे किती कमिशन घेते, डिलिव्हरीचा खर्च कोण सोसतं, हे निर्णय माणसं घेतात. पडदा सोपा झाला म्हणून व्यवहार आपोआप न्याय्य होत नाही. पण कमिशन किती कापलं आणि हातात किती येणार, हे काकूंना प्रत्येक ऑर्डरला स्पष्ट दिसलं, तर त्यांना निदान प्रश्न विचारता येतो.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या वर्गात हा उपक्रम चार तासिकांत होतो. संगणक नसला तरी चालेल.

पहिली तासिका : चार-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटानं घरून पदार्थ विकणाऱ्या एका व्यक्तीशी बोलायचं. ऑर्डर कशी येते, अडचण कुठे येते, एवढंच विचारायचं. उत्पन्न किती ते विचारायचं नाही, आणि वहीत नाव-नंबर लिहायचा नाही.

दुसरी तासिका : पदार्थांच्या चिठ्ठ्या, पर्यायी नावं, कप्पे.

तिसरी तासिका : पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पडदे काढायचे. मागवणारीसाठी पाच, करून देणारीसाठी दोन.

चौथी तासिका : दुसऱ्या गटातल्या मुलाला "फोन" द्यायचा. तो बोट ठेवेल त्याप्रमाणे एकानं पुढचा कागद सरकवायचा. बाकीच्यांनी गप्प बसून नोंदी करायच्या.

पालकांना विनंती : मुलं घरी येऊन "आजी, याला अजून काय म्हणतात?" किंवा "एका किलोत किती चकल्या येतात?" असं विचारतील. त्यांना जमलं तर मोजूनच दाखवा. आणि कागदी नमुना तयार झाला की तो आधी ज्यांच्याशी मुलं बोलली होती, त्या काकूंपुढे ठेवू द्या. त्यांचं बोट कुठे अडखळतं ते पाहून मुलांनी शेवटची दुरुस्ती करायची.